खिळ्यावरचा बेंड पाइप

१

सोमवारी सकाळी रऊफने दुकानाचं शटर वर ढकललं आणि सवयीने पहिली नजर भट्टीवरच्या खिळ्याकडे टाकली. खिळा रिकामा होता.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. मोटरसायकलच्या इंजिनातला धूर सायलेन्सरपर्यंत नेणारी जी पहिली वाकडी नळी असते, जिला मेकॅनिक मंडळी बेंड पाइप म्हणतात, ती हाताने वाकवून देणारा या भागात तो एकटाच उरला आहे. बाकीचे तयार माल आणतात आणि दोन नट आवळून मोकळे होतात. रऊफ सरळ नळीत कोरडी रेती ठासून भरतो, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या मारतो, नळी लाल करतो आणि ती अशी वळवतो की आतल्या बाजूला एकही सुरकुती पडत नाही. त्याला या गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

खिळ्यावरचा पाइप स्टेनलेस स्टीलचा होता, पोहरादेवी गावच्या भाऊसिंगचा. वडील गेल्यापासून गोठ्यात उभी असलेली त्यांची जुनी बुलेट यंदा यात्रेला बाहेर काढायची, असं भाऊसिंगने ठरवलं होतं. मूळ पाइप गंजून चाळणी झाला होता. शनिवारी तो गाडी घेऊन येणार होता, आणि एक पाइप वाकवायला तीन दिवस लागतात. शिवाय तसल्या नळीचा दुसरा तुकडा दुकानात नव्हता.

हसनैन मागच्या दाराने आधीच येऊन कामाला लागला होता. कॉम्प्रेसर धडधडत होता. हसनैन म्हणजे रऊफच्या धाकट्या बहिणीचा, जैतुनबीचा नवरा, आणि दुकानातला अठरा वर्षांपासूनचा जोडीदार. घरी दोघे उर्दूत बोलत, पण दुकानात फक्त वऱ्हाडी. गिऱ्हाइकाला वाटू नये की आपल्यासमोरच आपल्याबद्दल काही शिजतंय, म्हणून रऊफने पहिल्या दिवशी घालून दिलेला हा दंडक होता.

"पाइपचं काय केलं?" रऊफने विचारलं.

हसनैन पाठमोरा होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वेल्डिंगची टॉर्च. रऊफच्या कानावर उत्तर पडलं, "मी तं कालच इकला."

विकला! भाऊसिंगचा पाइप, न विचारता!

"कोणाले?" रऊफ ओरडला.

"कोणाले म्हंजे?" हसनैन वळून बघायला लागला.

पुढचं जे झालं ते रऊफला आठवायला नको वाटतं. त्याने मेहुण्याची कॉलर धरली आणि त्याला रस्ता ओलांडून रामधनच्या चहाच्या टपरीपुढे उभं केलं. बाकावर आठदहा जण बसले होते. "याले अठरा वर्सं मी घरचा मानलं," रऊफ म्हणाला, "न् यानं मायाच खिळ्यावरचा माल इकला. चोट्टा हाये हा." हसनैन खालच्या आवाजात काही बोलला, आणि रऊफला परत तोच शब्द ऐकू आला. दोनदा कबुली दिली म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

हसनैनने हातातले चामडी मोजे काढले, टपरीच्या बाकावर ठेवले आणि तो निघून गेला.

२

राग दुपारपर्यंत उतरला. मग उरली ती लाज. बहिणीच्या नवऱ्याला भर रस्त्यात चोर म्हटलं होतं, आणि तो चोर असला तरी ही गोष्ट दुकानाच्या आत बोलता आली असती. रऊफने भाऊसिंगला फोन केला नाही. काय तोंडाने करणार?

बुधवारी जैतुनबी दुकानात आली. सोबत आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणाऱ्या रूपा मॅडम होत्या, जैतुनबीच्या शेजारीणबाई. मागच्या साली आयटीआयच्या भांडारातून तांब्याची केबल गेली आणि आळ चौकीदारावर आला, तेव्हा ती केबल कुणी हलवली हे या बाईने चार माणसांशी गप्पा मारून शोधून काढलं होतं. तेव्हापासून गावात कुणाचं काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी यांच्याकडे जात.

"भाईजान, मायाशी बोलू नका," जैतुनबी म्हणाली. "या ताईशी बोला. हे धान्याच्या यार्डात पोते उचलून राह्यले. चोर म्हटलेल्या मिस्तरीच्या हाती कोण पाना देते? शनवारपावतर पाइप नाई सापडला, तं आमी सामान बांधून कारंज्याले जातो. मंग मले बहीण म्हणू नका."

एवढं बोलून ती बाहेर जाऊन उभी राहिली. रऊफला तिच्याकडे बघवेना.

रूपा मॅडमने आधी आपली स्कूटर दाखवली. इंजिनाजवळ पाइपच्या सांध्यातून सारखी हवा फुसफुसते, असं त्यांचं म्हणणं होतं. रऊफने गाडी सुरू केली, सांध्याशी कान नेला आणि ठामपणे सांगितलं की काही फुसफुसत नाही, गॅस्केटची चकती ठणठणीत आहे. मॅडमनी सांध्यापासून बोटभर अंतरावर तळहात धरला, त्याला धग लागली तसा काढून घेतला, आणि गाडी किती चालली ते सांगितलं.

"आठ हजारात काई होत नाई," रऊफ म्हणाला.

त्यांनी गाडी बंद केली. नंतर त्याची नजर स्कूटरच्या मीटरवर गेली. आकडा साठ हजाराच्या वर होता. शिकलेली बाई गाडीच्या बाबतीत कायले खोटं बोलते, असं त्याच्या मनात आलं.

मग रविवारची हकिकत निघाली. सकाळी पाइप खिळ्यावर होता. मग रऊफ तासभर बाजारात जाऊन आला. दुपारी हसनैन नमाज आणि जेवणासाठी घरी गेला आणि चारला परतला. त्या वेळात रऊफ ग्राइंडरवर बसला होता. दोन माणसं येऊन गेली. एक जुनैद, रऊफच्या चुलतभावाचा मुलगा, बसस्टँडजवळ तयार सायलेन्सर विकतो. दुसरा वाशिमचा देवमन, जो दर रविवारी पाइप बफिंगला नेतो, म्हणजे मशिनवर घासून चकाकी आणायला. त्याला रऊफने दोन गंजके पाइप पोत्यात घालून दिले होते. स्टीलचा पाइप बफिंगला द्यायचाच नव्हता.

"देवमनले विचारलं?"

"सोमवारीच फोन केला. भाऊसिंगचा पाइप दिसला का म्हटलं. तं म्हणे, माफ कर भाऊ." रऊफने हात झटकला. "हल्ली लोकं तोंडातल्या तोंडात बोलतात. पण त्यानं पायला नाई, एवढं कळलं."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि माफ या शब्दाखाली रेघ ओढली. रऊफला त्या रेघेचा अर्थ कळला नाही.

३

रऊफच्या मनात संशय एकच होता. हसनैनने पाइप विकला तो जुनैदलाच, कारण दुसऱ्या कुणाला त्याची किंमत कळली नसती. गुरुवारी तो मॅडमना घेऊन बसस्टँडला गेला. जुनैदच्या दुकानापुढे एका गाडीचा नवा सायलेन्सर फटफट आवाज करत होता. तो आवाज ऐकून रऊफचं तोंड नेहमीसारखं वाकडं झालं.

जुनैद लाजला, पण चोरीच्या लाजेने नाही. रविवारी दोनच्या सुमाराला तो गेला होता, ते पाइपचा फोटो काढायला. चाचासारखं वळण आपल्याला जमत नाही, ते कसं घेतात हे बघायचं होतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

"मी दाराशी उभा राहून दोन वेळा सलाम केला, चाचा. तुमी पायलंच नाई. मले वाटलं, मी तयार सायलेन्सर इकतो म्हणून अजून राग हाये."

फोटो मोबाइलमध्ये होता. मॅडमनी तो मोठा करून रऊफपुढे धरला. पाइप खिळ्यावर होता, आणि वळणावर सोनेरी रंग, पुढे जांभळा, मग निळा असे पट्टे चढले होते.

"हा पाइप कोणत्या गाडीले लावला होता का?"

"छ्या. शनवारी सांजच्याले झाला. घासून पांढरा करून टांगला."

"मंग हा रंग कायचा?"

रऊफने फोटो डोळ्यांजवळ नेला. स्टीलवर तसा रंग आगीशिवाय चढत नाही, आणि ते या पृथ्वीवर त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे रविवारी सकाळी कुणीतरी तो पाइप तापवला होता. जो माणूस माल चोरून विकणार, तो आधी त्यावर तासभर मेहनत घेईल कशाला?

४

दुपारी मॅडम हसनैनला भेटायला धान्याच्या यार्डात गेल्या. रऊफही सोबत गेला, पण फाटकाच्या आत त्याचा पाय उचलेना. तो एका ट्रकच्या आडोशाला उभा राहिला. तिथून त्याला हसनैन दिसला. ज्या हातांनी केसाएवढी चीर भरावी ते हात पोत्याचे कान धरून ओढत होते, आणि डोक्याला बारदान बांधलं होतं. हसनैन मॅडमशी थोडकंच बोलला. काय ते रऊफला कळलं नाही. एकदाच त्याने मान वर करून ट्रकच्या दिशेला बघितलं, आणि रऊफ चाकामागे सरकला. अठरा वर्षांत आपण या माणसापासून कधी लपलो नव्हतो, हे त्याला तिथे उभं असताना जाणवलं.

परत आल्यावर मॅडमनी एकच गोष्ट विचारली. "दुकानात तुमी दोघं कोणत्या भाषेत बोलता?"

"वऱ्हाडीत. घरी उर्दू. काहून?"

त्या स्कूटरकडे वळल्या, डिक्कीत वही ठेवता ठेवता पाठमोऱ्याच सायलेन्सरबद्दल काही विचारू लागल्या. बसवून देता का, एवढं रऊफला कळलं.

"हो हो, देऊ बसवून," तो हसून म्हणाला.

मॅडम वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. उद्या शुक्रवारची नमाज झाली की दुकानातच थांबा, असं त्यांनी प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं. आपण वाशिमला जाऊन येतो आहोत, हेही सांगितलं.

"चोर सापडला का?" रऊफने विचारलं.

"चोर नाईच, रऊफभाई," त्या म्हणाल्या. "पण पाइप कुठं हाये ते मले समजलं."

५

शुक्रवारी त्या आल्या तेव्हा मागे देवमन होता. साठीचा, भुवयांवरही बफिंगचा पांढरा मसाला बसलेला. त्याने पोत्यातून भाऊसिंगचा पाइप काढून टेबलावर ठेवला. पाइपमध्ये तोंड दिसेल अशी चकाकी होती. जैतुनबी दाराशी उभी राहिली.

"तूनं नेला?" रऊफचा आवाज चढला.

"न विचारता कायले नेईन, भाऊ?" देवमन गोंधळला. "तुमी ग्राइंडरवर होते. खिळ्यावरचा सोबत नेऊ का म्हटलं, तं तुमी मान डोलावली. सोमवारी तुमचा फोन आला तवा बी सांगतलं, साफ करतो भाऊ. आगीचा निळा रंग चढला होता, तो काढाले चार दिवस गेले."

साफ करतो. रऊफ तो शब्द तोंडात घोळवत राहिला.

मॅडमनी शटर अर्धं खाली ओढलं. जे बोलायचं ते रस्त्यावर जाऊ नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली. स्कूटर साठ हजार चालली असं त्यांनी सांगितलं, रऊफने आठ ऐकलं. सांध्यातली फुसफुस त्यांच्या तळहाताला लागली, रऊफच्या कानाला लागली नाही. जुनैदचा सलाम पोचला नाही. देवमन म्हणाला साफ, रऊफने ऐकलं माफ.

"मले ऐकू येते," रऊफ म्हणाला. "रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचं इंजिन मी दुकानात बसून ओळखतो."

"इंजिनाचा जाड आवाज येतेच. माये बाबा जऊळक्याजवळ गिट्टीच्या खदानीत होते. त्यायले रेल्वेचा भोंगा ऐकू येत होता, माणसाची हाक येत होती. फक्त स आन् श गळून गेले. बारीक आवाज आधी जातो. तीस वर्सं ग्राइंडर, हातोडा, न् चालत्या पाइपाशी कान लावून राह्यले तुमी."

टीव्हीच्या आवाजावरून सुनेशी होणारी कटकट, फोनचा कंटाळा, तोंडातल्या तोंडात बोलणारी दुनिया, सगळं त्याला एकदम आठवलं. आणि न ऐकता हो हो म्हणण्याची सवय. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटते म्हणून ती लागली होती.

"काल स्कूटरपाशी मी काय विचारलं होतं?" मॅडमनी हळूच म्हटलं. "सायलेन्सरले सशाचे शिंगं बसवून देता का. तुमी म्हणले, हो हो."

देवमन जमिनीकडे बघू लागला. कुणी हसलं नाही, आणि रऊफला ते हसण्यापेक्षा जड गेलं.

"आता हसनैनचं. नवा पाइप गाडीले लावाच्या आधी तुमी काय करता?"

"शेकतो. आतलं तेल जळून जाते. नाई तं पयल्याच दिवशी धूर मारते न् डाग पडते." एवढं बोलून रऊफ थांबला.

"सोमवारी तुमी विचारलं, पाइपचं काय केलं. त्यानं सांगतलं, मी तं कालच..."

"शेकला," रऊफ म्हणाला.

श काढून टाकला की उरतं काय, हे त्याला आता कुणी समजवायची गरज नव्हती. टपरीपुढे हसनैन दुसऱ्यांदा पुटपुटला तोही हाच शब्द होता.

"यार्डात मले म्हणे, मी पाइप शेकला म्हटलं तं रऊफभाईनं मले चोर ठरवलं, शेकणं चोरी असते का," मॅडम म्हणाल्या. "घरी असता तं त्यानं उर्दूत सेका म्हटलं असतं. त्याचं बेचा, म्हंजे इकला, कधी ऐकू आलं नसतं. इथं दुकानाची भाषा आडवी आली."

गिऱ्हाइकांना आपल्याबद्दल काही शिजतंय असं वाटू नये म्हणून घातलेला दंडक. रऊफ खाली बसला. चोर नव्हताच. पाइप त्याने स्वतःच मान डोलावून देऊन टाकला होता, आणि मग ज्याने तो जिवापाड शेकला त्याची कॉलर धरली होती. त्याला इतकी शरम वाटली की जैतुनबी समोर असून तिचं नाव घेता येईना.

"चूक इथं कळली ती चौघायले," मॅडम शटर वर करत म्हणाल्या. "चोर तं तुमी टपरीवर म्हटलं होतं."

६

संध्याकाळी पाच वाजता रामधनच्या टपरीवर तीच माणसं होती. जैतुनबीने हसनैनला आणलं होतं. तो बाकापासून दूर, रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि त्याच्या सदऱ्यावर अजून पोत्यांची धूळ होती. त्याने सोमवारी ठेवलेले मोजे रामधनने फळीवर जपून ठेवले होते.

रऊफ पाइप हातात घेऊन रस्ता ओलांडून आला. मंगरुळात त्याला कानाचा पक्का म्हणायचे. नुसत्या आवाजावरून पाइपची चीर कुठे ते सांगतो, म्हणून. तेच लोक समोर बसले होते. नुसतं भाऊसिंगचा पाइप सापडला असं म्हणून चहा सांगितला असता, तरी चाललं असतं. त्याच्या मनात तेही येऊन गेलं.

"ऐका," तो म्हणाला. "हसनैननं काई इकलं नाई. पाइप मीच देवमनले दिला. हा शेकला म्हणला, मले इकला ऐकू आलं. मी बहिरा होऊन राह्यलो. दोनचार वर्सं झाली, म्या कोणाले सांगतलं नाई. याले चोर म्हटलं ते मायं चुकलं. हसनैन, माफ कर."

रामधनने स्टोव्ह बारीक केला.

हसनैन पुढे आला. त्याने पाइप कपड्याने धरून घेतला, उजेडाकडे वळला आणि पाइपच्या तोंडातून आत बघू लागला. रऊफकडे त्याची पाठ होती. तो काहीतरी म्हणाला, आणि रऊफच्या कानावर शब्द पडले, "माफ करतो."

रऊफच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मान डोलावणारच होता. सगळ्यांसमोर एवढं बोलून झालं होतं, मान डोलावली की दोघे रस्ता ओलांडून कामाला लागले असते. पण त्याने मान तशीच धरून ठेवली.

"हसनैन," तो म्हणाला, "मले नीट ऐकू नाई आलं. इकडं तोंड करून पुना सांग."

हसनैन वळला. त्याने रऊफच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि एकेक अक्षर सुटं करत सांगितलं.

"साफ करतो म्हटलं. आतमंदी बफचा मसाला राह्यला. साफ करतो, मंग परत शेकतो, मंग उद्या भाऊसिंगले देऊ." थोडं थांबून तो म्हणाला, "दुसरं काई म्हटलं नाई."

"बरं," रऊफ म्हणाला. "आता आलं ऐकू."

हसनैनने फळीवरचे मोजे घेतले आणि तो दुकानाकडे चालू लागला. रऊफ त्याच्या मागून गेला.